गजरा माळून इच्छा येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत सल्ल्याच्या सदरात एका ताईचं पत्र आलं होतं. वय ३४, दोन मुलं, धाकटं अकरा महिन्यांचं. चार-सहा ओळीच होत्या, की या बाळंतपणानंतर नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही, माणूस वाईट नाहीये, मारझोड नाही, व्यसन नाही, पण मनच होत नाही, माझ्यात काही बिघडलंय का. आणि त्यावर तुमच्या सल्लागारांचं उत्तर काय, तर पतीच्या गरजा समजून घ्या, संध्याकाळी जरा नीटनेटकं राहत जा, त्यांच्या आवडीची साडी, एखादा गजरा, नाहीतर पुरुषाचं लक्ष बाहेर जायला वेळ लागत नाही. झालं, संपलं उत्तर. मी दुकानात पेपर वाचत होते, कौंटरवर गिऱ्हाईक उभं होतं तरी माझ्या तोंडून "अरे देवा" निघालंच.

माझं तालुक्याच्या गावी मेडिकल आहे. २४ वर्षं झाली. मी डी. फार्म आहे, डॉक्टर नाही, आणि मी काही कोणाला औषध सांगायला हे पत्र लिहीत नाहीये. पण गोळ्यांच्या पाकिटातले कागद मी वाचते, आणि बायका माझ्याशी बोलतात कारण आमच्या पेठेत कौंटरवर बाई असलेलं दुकान एवढंच आहे.

तर त्या ताईचं पत्र परत काढून बघा. तिनं स्वतःच लिहिलंय की बाळ अजून अंगावर पितं. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय की सहा महिन्यांपासून डिप्रेशनची गोळी चालू आहे. म्हणजे बिचारीनं उत्तर निम्मं स्वतःच लिहून पाठवलंय आणि ते सोडून तुम्ही तिला गजरा सांगताय!

अंगावर पाजत असताना शरीरात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन हे बाईपणाचं हार्मोन खाली आलेलं असतं. त्यानं इच्छा कमी होते, आतून कोरडं पडतं, कोरडं पडलं की दुखतं, आणि एकदा दुखलं की पुढच्या वेळी शरीर आधीच आखडतं. यात बिघडलेलं काही नाही, पाजणं कमी झालं की बऱ्याच जणींचं आपोआप जागेवर येतं, तोवर ओलाव्यासाठी पाण्याच्या बेसची साधी जेली मिळते ती वापरता येते. आणि डिप्रेशनच्या गोळ्यांचं म्हणाल तर एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन या घराण्यातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं किंवा शेवटाला पोचायला फार वेळ लागणं हा अगदी नेहमीचा त्रास आहे, बायकांनाही आणि पुरुषांनाही. डिप्रेशननं पण तेच होतं म्हणून नेमकं कशामुळे झालंय ते डॉक्टरनेच बघायचं, गोळी मनाने बंद करायची नाही, पण डॉक्टरला सांगितलं तर डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. पण सांगायचं कोणी? पुरुष पेशंट दुसऱ्या महिन्यात येऊन विचारतो की या गोळीनं "तिकडं" फरक पडतो का. बाईला वर्ष होऊन जातं, ती मला कधीच विचारत नाही, आणि तिला विचारावंसं कोणाला वाटत नाही.

बरं हे झालं औषधांचं. रक्ताचं बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं. दोन जिने चढून धाप लागते त्या बाईला रात्री साडेदहाला भांडी आवरून झाल्यावर काय वाटणार आहे, झोप! त्यात थायरॉइड, त्यात शुगर, त्यात एकदा गर्भनिरोधक गोळी चुकली तर दिवस जातील ही धास्ती. आणि घर केवढं? आमच्याकडे दोन खोल्या होत्या, बाहेरच्या खोलीत सासूबाई-सासरे, मधल्या दाराची कडी अशी होती की लावताना अख्ख्या वाड्याला कळावी. ती कडी वाजली की सासूबाई खोकायच्या. मुद्दाम नसेलही, पण मला आजही तशी कडी वाजलेली ऐकली की पाठ ताठ होते. माझ्या नवऱ्यानं एक दिवस कडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. कुठल्याही गजऱ्यापेक्षा त्या ट्यूबच्या तुकड्याचा मला जास्त उपयोग झाला, हे तुमच्या सल्लागारांना अवश्य कळवा.

इच्छेबद्दल आपली जी समजूत आहे ना तीच मुळात पुरुषाच्या मापाची आहे, की आधी आतून उसळी यायला हवी आणि मग पुढचं. कॅनडातल्या रोझमेरी बॅसन नावाच्या डॉक्टरीणबाईंनी २००० साली मांडलं की पुष्कळ बायकांचं, विशेषतः लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, उलट असतं. जवळीक आधी, निवांतपणा आधी, कोणीतरी डोक्यावरून हात फिरवलेला आधी, आणि इच्छा मागून येते. आपल्याकडे म्हणतो ना, भूक नव्हती पण पानावर बसले आणि जेवण गेलं. तसं. फक्त यात एक मेख आहे, हे वाचून कोणी नवरा म्हणायला नको की बघ बस पानावर, लागेल भूक. पानावर बसायचं की नाही हे तिनंच ठरवायचं आणि अर्ध्या जेवणातून उठावंसं वाटलं तरी उठायची मुभा पाहिजे, नाहीतर ती भूक मेलीच म्हणून समजा.

मघाच्या त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एक प्रश्न असा आहे की इच्छा नसताना बाई नवऱ्याला नाही म्हणू शकते का. ८२ टक्के बायका म्हणाल्या हो, म्हणू शकतो. चांगलंच आहे, उरलेल्या १८ टक्क्यांचा विचार केला की पोटात गोळा येतो ते वेगळं. पण बाईला हवंसं वाटलं तर ती तसं म्हणू शकते का, हे कोणी विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. दुकानात येणाऱ्या बायकांवरून सांगते, "नको" म्हणायला त्या हळूहळू शिकल्या, "हवंय" म्हणायला फार कमी जणी धजतात. कारण म्हटलं तर नवरा पहिला प्रश्न विचारतो, हे कुठं शिकलीस? लावणीत बाई बिनधास्त बोलते म्हणाल तर ते बोलणं लिहिणारे बहुतेक शाहीर पुरुषच.

आता माझ्या कौंटरवरची गंमत सांगते. पुरुष येतो, दोन बोटं वर करतो किंवा खिशातून रिकामी स्ट्रिप काढून दाखवतो, सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाची, चार गोळ्यांची. चिठ्ठी आहे का विचारलं की राग येतो, मिळणार नाही म्हटलं की पलीकडच्या दुकानात जातो. लाजत नाही असं नाही पण मागतो तरी. बाई कशी येते? मागच्या महिन्यात पन्नाशीच्या एक जण आल्या, आधी क्रोसिन घेतली, मग बाम घेतला, मग दुकानातली माणसं जाईपर्यंत मोबाईल बघत उभ्या राहिल्या आणि मग एकदम हळू, "ताई, कोरडेपणाला काही असतं का हो." एवढं एक वाक्य बोलायला त्यांनी पन्नास रुपयांचा नको असलेला माल घेतला. मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं आणि जेलीची ट्यूब दिली, तर म्हणाल्या कागदात गुंडाळा, मग काळ्या पिशवीत घाला. गुंडाळायला आम्ही तुमचाच पेपर वापरतो संपादकसाहेब, पॅडला पण तोच, त्यामुळे तुमचा खप आमच्याकडे चांगला आहे.

आणि गुंडाळताना मला दिसतात तुमच्या आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती. जोश, ताकद, घोड्याचं चित्र. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक सुखाची क्षमता वाढवतो असं सांगणाऱ्या औषधाच्या जाहिरातीला सरळ मनाई आहे. आम्हाला डिप्लोमाला पाठ करायला लावलं होतं. तर पुरुषाच्या इच्छेसाठी तुमच्याकडे कायदा बाजूला ठेवून जागा आहे आणि बाईनं कायदेशीर प्रश्न विचारला की गजरा! "बायकांची पण गोळी निघालीय ना" असं अधूनमधून कोणीतरी विचारतं, ते अर्धवट खरंय, अमेरिकेत २०१५ साली फ्लिबान्सेरिनला मंजुरी मिळाली, पण ती रोज झोपताना घ्यायची, दारूबरोबर घेतली तर बीपी पडून चक्कर येऊ शकते, आणि तपासणीत फायदा निघाला तो अगदी थोडका. ज्यांना खरोखर लागू पडेल त्यांनी डॉक्टरकडून घ्यावी, पण नवरा हातभार लावत नाही याच्यावर गोळी नाही, आणि निघणारही नाही.

स्वतःचं सांगते, म्हणूनच नाव छापू नका असं खाली लिहिलंय. ४७ व्या वर्षी माझी पाळी गेली. त्यानंतर दुखायला लागलं. पहिल्यांदा वाटलं वय झालं, मग वाटलं यांचा कंटाळा आला असेल, मग टाळायलाच लागले, रात्री हिशोबाची वही काढून बसायचे ते झोपल्याची खात्री होईपर्यंत. शेवटी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्या हसून म्हणाल्या, "आता या वयात कशाला हवंय तुम्हाला." बाईच ती. मी पण ओशाळं हसले आणि फी देऊन आले. आणि दीड वर्ष तसंच काढलं. दुसऱ्या डॉक्टरांनी नीट तपासलं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होऊन तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते हे समजावलं, छातीच्या कॅन्सरची हिस्ट्री आहे का विचारलं, आणि इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं. चिठ्ठी बघते तर तेच क्रीम माझ्याच दुकानात फ्रीजच्या वरच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, कित्येक वर्षं. मी स्वतः त्याच्या ट्यूबा विकल्यात! काही आठवड्यांत फरक पडला. दुखणं गेलं, आणि नंतर काही दिवसांनी, कसं सांगू, मला आठवण यायला लागली. यांची नाही हो, हे तर समोरच असतात, माझ्याच अंगाची. हिशोबाची वही आता दुकानातच ठेवते.

आणि हे सगळं न शिकवण्याची परंपरा डॉक्टरांपासून आमच्यापर्यंत आहे. आमच्या पुस्तकात बाईच्या धड्यात गर्भाशय, नळ्या, बीजकोश, बस. क्लिटोरिसचं नाव नव्हतं. ज्या अवयवाचं सुखाशिवाय दुसरं कामच नाही त्याचा आतला पसारा केवढा आहे हे ऑस्ट्रेलियाच्या सर्जन हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली नीट मांडलं, तोपर्यंत माणूस चंद्रावर जाऊन येऊन २९ वर्षं झाली होती.

तुम्ही म्हणाल कौटुंबिक पेपर आहे, असलं कसं छापणार. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं, बाईला सुख मिळण्याचा पुरुषाइतकाच हक्क आहे हे त्यात मराठीतच छापत होते. आणि १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तो कशावरून, तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, म्हणजे तुमच्या सदरासारखंच सदर! बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. केस हरले, दंड झाला, पण कर्वे उत्तरं देत राहिले. तुमच्यावर तर कोणी खटला पण भरणार नाहीये, फार तर चार जण फोन करून ओरडतील.

म्हणून म्हणते, येत्या रविवारी त्याच जागी दुसरं उत्तर छापा, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना विचारून. नवऱ्यालाही त्यात दोन ओळी लिहा, की रात्री बाळ रडलं की तू उठ, आणि आठ दिवस काही मागू नकोस, नुसता शेजारी बस. आणि त्या ताईला एवढं तरी सांगा की तुझ्यात बिघडलेलं काही नाही, गोळीबद्दल डॉक्टरांना विचार.

हे पत्र लांबलंय, छापायला जागा नसेल तर राहू दे. तिचा पत्ता किंवा फोन तुमच्याकडे असेलच, तिला तेवढं पाठवून द्या.

आपली,
एक मेडिकलवाली बाई
जि. सोलापूर
(नाव आणि गाव कृपया छापू नये, पेठ लहान आहे)