काउंट पडलेल्या दिवसांसाठी

प्रिय संजू,

तुझा निरोप वाचला. काकूंना एएमएल, म्हणजे झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) निघालाय, सोमवारी केमो सुरू होतेय आणि जो तो "धीर धरा" म्हणतोय. धीराचं इतर बघतील, मी कामाचं तेवढं लिहितो. पत्र लांबेल. सगळं एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल, पण तापाबद्दलचा भाग ताईला आणि बाळ्याला आजच वाचायला दे.

डॉक्टरांनी "सात अधिक तीन" म्हटलंय ना? म्हणजे सायटाराबिन सात दिवस, चोवीस तास थेंबथेंब, आणि पहिले तीन दिवस त्याच्या जोडीला डाउनोरुबिसिन. १९७० च्या दशकात ठरलेली ही पद्धत आहे आणि तिचा सांगाडा अजून तोच आहे. डाउनोरुबिसिन लालभडक असतं, त्यामुळे नंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस होते. ते रक्त नव्हे. हे काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्यांचं अवसान गळेल. हे औषध हृदयाला जड जातं, म्हणून आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. इको चांगला आला नाही, तर बहुधा ॲझासायटिडिनची इंजेक्शनं आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या असा बेत ठरेल. तसं झालं तर गोळ्या तुमच्या हातात येतील. त्या जेवणाबरोबर, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या. पोसाकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असताना त्यांचा डोस बराच कमी करावा लागतो. म्हणून कुठलंही औषध नव्याने सुरू झालं किंवा बंद झालं, की "मग व्हेनेटोक्लॅक्सचं काय?" हे विचारायचं. डॉक्टर बदलतात, पाळी बदलते आणि अशा वेळी नेमकी हीच गोष्ट निसटते.

लोक केमोच्या सात दिवसांना घाबरतात. खरे जपायचे दिवस त्याच्या पुढचे. औषध बिघडलेल्या पेशींबरोबर चांगल्याही मारतं, अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्त तयार करणारा भाग, जवळजवळ रिकामी होते आणि पुन्हा भरायला केमो सुरू झाल्यापासून साधारण तीन ते चार आठवडे घेते. सलाईन निघते, नातेवाईक म्हणतात "झालं एकदाचं", आणि तेव्हाच काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) तळाला गेलेले असतात. पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून संसर्ग, प्लेटलेट्स नाहीत म्हणून रक्तस्राव. हे दोन दरवाजे राखणं हेच तुमचं काम.

रिपोर्टमध्ये नुसत्या एकूण पांढऱ्या पेशी बघू नकोस. त्यातले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, किती ते काढ. एकूण १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के, तर आकडा ३६०. हा आकडा ५०० च्या खाली असेल तोवर घरात आणि वॉर्डात वागण्याचे नियम वेगळे. तो रोज वहीत लिहा. शेजारी हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान. चार रकाने, एवढंच.

आता ताप. पहिल्या फेरीत काकू बहुतेक रुग्णालयातच असतील, पण पुढच्या फेऱ्यांच्या मधे घरी येतील, तेव्हा हे लागेल. डिजिटल थर्मामीटर घ्या आणि दर वेळी एकाच जागी लावा. काखेत तापमान तोंडातल्यापेक्षा कमी दाखवतं, त्यामुळे सकाळी इथे आणि संध्याकाळी तिथे असं केलंत तर आकड्यांना अर्थ राहत नाही. गुदद्वारात थर्मामीटर कधीच नाही. एनिमा आणि सपोझिटरीही नाही, तिथल्या बारीकशा जखमेतून जंतू रक्तात जातात. एकदा जरी ३८.३ अंश (१०१ फॅरनहाइट) दिसलं, किंवा ३८ (१००.४) तासभर टिकलं, तर वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असोत, निघायचं. फोन गाडीतून करायचा. पोचल्यापासून तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, हा जगभरचा दंडक आहे.

निघण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. ताप उतरतो, आकडा नाहीसा होतो, तातडीच्या कक्षातल्या डॉक्टरला समोर बरा दिसणारा माणूस दिसतो आणि तो रांगेत बसवतो. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: "ल्युकेमियाची केमो चालू आहे, न्यूट्रोफिल कमी आहेत, ताप आलाय." काय झालं, कसं झालं, ते नंतर.

आणखी एक बारकावा. जखम लाल होणं, सुजणं, पू होणं हे सगळं पांढऱ्या पेशींचं काम. त्याच नसतील तर संसर्ग असूनही बाहेर काही दिसत नाही. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण असते, आणि स्टेरॉइड चालू असतील तर तीही नसते. मग हुडहुडी, अचानक ग्लानी, असंबद्ध बोलणं, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं यांनाही तापाइतकंच मानायचं.

इथे मला सगळ्यात जास्त काळजी काकूंच्या स्वभावाची वाटते. थंडी वाजली तर त्या पांघरूण ओढून गप्प पडतील. "सकाळी बघू, पोरं आत्ताच झोपलीयेत." सगळ्या आया असंच करतात. म्हणून आजाराचं नाव त्यांच्यापासून लपवायचा जो विचार चाललाय, तो सोडून द्या. "रक्त कमी झालंय" एवढंच ठाऊक असलेला माणूस हुडहुडीला महत्त्व का देईल? त्यांना जगण्या-मरण्याचे टक्के ऐकवायची गरज नाही. त्या विचारतील तेवढंच सांगा, पण जे सांगाल ते खरं सांगा. नाव, औषध, काउंट पडणार हे आणि "थंडी वाजली तर त्याच मिनिटाला हाक मारणं हे तुझं काम" हे त्यांना कळायलाच हवं. काम दिलं की त्या ते चोख करतील, तुला माहीत आहेत त्या.

प्लेटलेट्सचं बघू. साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्या की देतात. ताप किंवा रक्तस्राव असेल तर आधीच. त्या २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून, साधारण पाचच दिवस टिकतात. लाल पेशी थंडीत महिनाभराहून जास्त टिकतात, प्लेटलेट्स साठवता येत नाहीत. होतं काय, की पहिल्या दिवशी चाळीस जण रक्त द्यायला येतात आणि तिसऱ्या आठवड्यात फोन उचलणारं कुणी नसतं. बाळ्याला हे काम दे: दात्यांची यादी, रक्तगट आणि प्रत्येकाची तारीख. पहिले दहा दिवस कुणाला बोलावू नका, नावं राखून ठेवा. एका दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट्सना तास-दीड तास लागतो. दात्याने आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, पोटभर जेवून यावं आणि त्याच्या कोपरातली शीर ठसठशीत असावी. शीर न सापडल्यामुळे परत गेलेला दाता म्हणजे वाया गेलेली सकाळ, म्हणून यादीतल्या प्रत्येकाची तपासणी आधीच उरकून घ्या.

तुम्ही तिघं आणि काकूंची भावंडं मात्र रक्त देऊ नका. पुढे अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाची वेळ आली तर तुमच्यातलाच कुणी दाता असू शकतो, आणि आधी तुमचं रक्त गेलं तर त्यांचं शरीर तुमच्या पेशींना ओळखून नाकारायला शिकतं. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त किरणांचा मारा न करता दिलं तर त्यातल्या जिवंत पेशी रुग्णावरच उलटू शकतात. बाकीच्या पिशव्याही पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या आणि गरज असल्यास किरणांचा मारा केलेल्या आहेत ना, हे विचारायला लाजू नका. पिशवी लावल्यावर पहिली पंधरा मिनिटं कुणीतरी जवळ बसा. अंग खाजलं, थंडी भरली, पाठ दुखली, धाप लागली तर आधी नर्सला हाक.

प्लेटलेट्स कमी असताना आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन आणि स्नायूतली इंजेक्शनं बंद. नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतायत का, ते रोज उजेडात बघा. ते दाबल्यावर फिके पडत नाहीत. अचानक जोराची डोकेदुखी, एका डोळ्याने धूसर दिसणं किंवा उलटी सुरू झाली, तर तेही तापासारखंच, लगेच निघायचं. आणि रात्री बाथरूमला जाताना दिवा आणि सोबत हवीच. हिमोग्लोबिन सात असलेला माणूस उठला की त्याला चक्कर येते. १५,००० प्लेटलेट्स असताना डोकं आपटणं परवडणारं नाही.

तोंडाची काळजी केमोच्या पहिल्या दिवसापासून घ्या, फोड आल्यावर नाही. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. जेवणांनंतर आणि झोपताना धरून दिवसातून चार ते सहा वेळा खळखळून थुंकायचं, दुसऱ्या दिवशी ताजं करायचं. अल्कोहोल असलेलं माउथवॉश नको. ब्रश अगदी मऊ, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तर नुसता ओला कापसाचा बोळा. दातात कीड असेल तर या दोन दिवसांतच डॉक्टरांच्या कानावर घाला.

खाण्याबद्दल तुला शंभर जण शंभर गोष्टी सांगतील. पूर्वी कच्चं ते सगळं बंद करायचे, पण इतकी कडक बंधनं पाळून संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत काही दिसलं नाही. स्वच्छता मात्र खरंच महत्त्वाची: नीट शिजवलेलं, गरम, दोन तासांहून जास्त बाहेर न राहिलेलं. कच्चं अंडं आणि न तापवलेलं दूध नको. काढे, चूर्णं, "रक्त वाढवणारे" रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. त्यातले कित्येक यकृतावर किंवा औषधांच्या डोसवर परिणाम करतात. आत्याला नाही म्हणायचं काम ताईने करावं, तुला जमणार नाही.

केमोनंतरचे दोन दिवस लघवी, शौच आणि उलटीतून औषध बाहेर पडत असतं. साफ करताना हातमोजे घाला, कमोडचं झाकण लावून दोनदा पाणी सोडा, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. गळ्याजवळची किंवा दंडातली नळी आंघोळीत भिजू देऊ नका. पारदर्शक पट्टी साधारण आठवड्याने बदलतात, पण कडा सुटली किंवा खाली ओल दिसली तर त्याच दिवशी. नळी धुतल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली तर नळीतच जंतू असू शकतात. हे निरीक्षण डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

रेमिशन आलं, म्हणजे मज्जेत पाच टक्क्यांहून कमी ब्लास्ट (कच्च्या पेशी) राहिले, की पेढे वाटायची घाई नको. पुढच्या फेऱ्या झाल्या नाहीत तर आजार परततो. त्या फेऱ्यांत सायटाराबिनचा डोस बराच मोठा असतो आणि तो लहान मेंदूला त्रास देऊ शकतो. चांगल्या नर्सेस अशा वेळी रोज डोसच्या आधी रुग्णाकडून कागदावर सही करून घेतात. तुम्हीही वहीत घ्या, तारखेसकट, एकाखाली एक. कालची सही सरळ आणि आजची थरथरलेली, किंवा बोलणं जड झालं, तर पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना बोलवा. याच फेऱ्यांत डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब घालावे लागतात. ते चुकले की डोळे चुरचुरतात, लाल होतात.

प्रत्यारोपणाचं बोलणं निघालं तर घाबरू नका, तपासणी आधीच सुरू करतात. काकूंच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. तुम्ही मुलं निदान निम्मी जुळताच, आणि निम्म्या जुळणीचं प्रत्यारोपणही आता नेहमी होतं.

वाटणी अशी करा. डॉक्टरांशी बोलणारं माणूस एकच, ताई. प्रश्न सगळ्यांचे, पण एका कागदावर. नाहीतर तिघं तीन डॉक्टरांना विचारतात, तीन उत्तरं घेऊन येतात आणि भांडण घरात होतं. बाळ्या रक्तदाते आणि पाहुण्यांना थोपवणं बघेल. तू कागदपत्रं, विमा, पैसे आणि रात्रपाळी. पण सलग तीनपेक्षा जास्त रात्री कुणीच करायच्या नाहीत. न झोपलेला माणूस औषधाची वेळ चुकवतो. आणि नुसतं नाक वाहत असलं तरी त्याने यायचं नाही, मग तो लाडका नातू का असेना. बदली माणूस आधीच ठरवून ठेवा. फ्लूची लस घरातल्या सगळ्यांनी घ्या. घरात तान्हं मूल असेल तर त्याच्या तोंडावाटे द्यायच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

काका काहीच करत नाहीत म्हणून चिडू नका. त्यांना थर्मामीटर आणि वही द्या. दिवसातून चार वेळा ताप मोजून लिहायचा, हे काम त्यांच्या हातात शोभेल. आणि काकू त्यांच्याशी खोटं बोलत नाहीत, हा आणखी एक फायदा.

केस दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतील. काकूंना हवं असेल तर आधीच बारीक करून घ्या, पण वस्तऱ्याने नाही, मशीनने.

सोमवारी जाताना पिशवीत चष्मा, जाड मोजे, मऊ ब्रश, जुने सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि वही टाका. पहिल्या पानावर आजचे काउंट आत्ताच लिहून ठेव. दुसऱ्या पानावर काकूंची एक सही घे, हात अजून स्थिर आहे तोवर.

तुझा,
विनू