ब्रेकपॉइंट जागेवर आणून दिल्याबद्दल

सप्रेम नमस्कार, वि. वि.

परवा तुमची दुरुस्ती असलेलं रनटाइमचं, म्हणजे आमचा प्रोग्राम चालवणाऱ्या तुमच्या सॉफ्टवेअरचं, नवं बिल्ड उतरवून घेतलं. जुनीच फाइल उघडली, बिलाची बेरीज करणाऱ्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट, म्हणजे ‘इथे थांब’ अशी खूण, लावला आणि प्रोग्राम तिथेच थांबला. त्याच फंक्शनमध्ये, त्याच विधानावर. खात्री पटेना म्हणून आणखी चार वेळा चालवून बघितला.

बग नोंदवताना मी काय लिहिलं होतं ते आठवलं की आता ओशाळायला होतं. प्रोग्राम थांबवून आत बघायचं साधन म्हणजे डीबगर; त्याच्याबद्दल ‘डीबगर कुठेही थांबतो’, बस, एवढंच. दुसऱ्या कुणी ‘आमच्याकडे असं होत नाही’ म्हणून ती नोंद बंद केली असती, आणि ते खोटंही नव्हतं. तुमच्याकडे खरंच होत नव्हतं. तुम्ही मात्र एक प्रश्न विचारलात: कोडमधले मराठी संदेश काढून तिथे इंग्रजी घातले तर? घातले. ब्रेकपॉइंट मुकाट्याने जागेवर बसला.

मग तुम्ही माझ्याच फाइलमधला ‘धन्यवाद’ हा शब्द घेऊन सगळं उलगडून दाखवलंत. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडच्या, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबाने ती सात चिन्हं: ध, न, पाय मोडायची खूण, य, व, काना आणि द. ती साठवायच्या यूटीएफ-१६ या पद्धतीत यातल्या प्रत्येकाला एक एकक, म्हणजे ७. यूटीएफ-८ या दुसऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे २१. सोर्स मॅप, म्हणजे मूळ कोड आणि बिल्ड झालेला कोड यांच्या जागा जुळवणारी नोंद, कॉलम (ओळीतली जागा) मोजतो यूटीएफ-१६ च्या एककांत, आणि डीबगर तोच आकडा बाइटांचा समजून फाइलमध्ये जागा शोधत होता. एका ‘धन्यवाद’मागे १४ घरांची चूक! नवी ओळ सुरू झाली की मोजणी पुन्हा शून्यापासून होते, पण आमचा कोड बिल्ड करताना दाबून एकाच लांबलचक ओळीत येतो, त्यामुळे तेवढाही दिलासा नव्हता. प्रत्येक मराठी संदेशागणिक ब्रेकपॉइंट आणखी मागे सरकायचा. बेरजेवर लावलेला थेट लॉगिनमध्ये सापडायचा. इंग्रजी अक्षर दोन्हीकडे एकच जागा घेतं, म्हणून तुमच्या सगळ्या टेस्ट वर्षानुवर्षं हिरव्या, म्हणजे पास.

एवढं कळल्यावर मला भारीच उत्साह आला. मी पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवला: ओळीतली देवनागरी चिन्हं मोजा आणि दर चिन्हाला दोन घरं पुढे सरका. माझ्या फाइलवर तो चाललाही. तुम्ही तो घेतला नाहीत, पण का ते नीट सांगितलंत. फ्रेंचमधलं टोपीवालं ‘ई’ दोन बाइटांचं आणि एका एककाचं; साधा हसरा इमोजी चार बाइटांचा आणि दोन एककांचा. प्रत्येक लिपीसाठी वेगळं ठिगळ किती लावणार? ओळीच्या सुरुवातीपासून एकेक चिन्ह वाचत मोजत जाणं हाच सरळ मार्ग.

पण इतकी लांब ओळ दरवेळी पहिल्यापासून मोजली तर डीबगर रांगायला लागेल. तिथे तुम्ही वाटेत ठरावीक अंतरावर खुणा ठेवल्यात, अमुक बाइटला तमुक कॉलम अशा, म्हणजे मोजणी जवळच्या खुणेपासून सुरू होते. ज्या ओळीत इंग्रजीखेरीज काहीच नाही तिथे मोजणी पूर्ण वगळलीत. हा भाग मी तीनदा वाचला, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन वेळा कळला नाही.

शिवाय उलटा प्रवासही तुम्हीच तपासलात. प्रोग्राम थांबल्यावर ‘इथे थांबलो’ म्हणून दाखवली जाणारी जागा आणि एरर आल्यावर छापलेला कॉलम, दोन्हींत तीच चूक होती. मला तर ती दिसलीही नव्हती. आकडा छापलाय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चाललो होतो.

तुम्ही जोडलेली टेस्ट आज उघडून पाहिली. माझ्या फाइलमधला तो शब्द तुम्ही तसाच ठेवलाय, शेजारी एक इमोजी. उद्या कुणी तिथे पुन्हा बाइट मोजायला गेलं, तर पहिली ओरड ‘धन्यवाद’ हा शब्दच करेल.

आपला,
दोन घरं पुढे सरकवणारा