‘आतून पाहा’ म्हणून बोलावले आणि फुटपाथवर उभे केले

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : एस्प्लनेड मॅन्शनच्या फेरीचे १८०० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

गेल्या रविवारी मी आणि माझी मुलगी आपल्या काळा घोडा फेरीला आलो. जाहिरातीत ‘एस्प्लनेड मॅन्शन आतून पाहा’ असे ठळक छापले होते. ही इमारत २०१९ मध्येच रिकामी केली आहे. आम्ही तिच्यासमोर रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहिलो, एवढेच.

माझे वडील तिथल्या एका वकिलांकडे कारकून होते. ही इमारत म्हणजे मूळचे वॉटसन्स हॉटेल. ते बंद पडल्यावर खोल्यांत पार्टिशने घालून खुराडी केली आणि ती भाड्याने दिली. कोर्टे जवळ, म्हणून वकील जास्त. पण बिऱ्हाडेही होती. मी डबा घेऊन जायची तेव्हा एका दारातून टाइपरायटरची खडखड यायची, शेजारच्या दारातून फोडणीचा वास. मुलीला तो जिना दाखवायचा होता.

आपल्या गाइडने सांगितले, इमारतीचा लोखंडी सांगाडा आयफेलने केला. साफ चूक. ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजाने आले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जोडले गेले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या छपरालाही त्यांचा हात लागला आहे. आयफेल टॉवर १८८९ चा! जमशेदजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून ताज उभे राहिले, ही ऐकीव गोष्टही त्याने पुराव्यासारखी सांगितली. उलट ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे इथेच एक रुपया तिकिटात दाखवली गेली, त्याचा उल्लेखच नाही. मी आठवण केली तर म्हणाला, “मॅडम, वेळ कमी आहे.”

वेळ कमी होता, तरी “पुढे भाडेकरूंनी वाट लावली” हे सांगायला मात्र सापडला. खोल्यांची खुराडी भाडेकरूंनी केली नव्हती. २००५ मध्ये दर्शनी भागाचा तुकडा कोसळला तेव्हा जीव मुठीत धरून आत बसणारेही तेच होते.

तरी पूर्ण रक्कम परत करावी, जाहिरातीतला ‘आतून’ हा शब्द काढावा आणि गाइडचे टिपण दुरुस्त करावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन. पुढच्या फेरीचे सवलत कूपन कृपया पाठवू नये.

पावतीची व जाहिरातीची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली एक ग्राहक, बोरिवली