‘अक्षर माझे आहे’

आदरणीय ताई,

आपले नाव येथे लिहिलेले आपल्याला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण हे पत्र आपल्यालाच आहे.

वडील गेल्यानंतर आईचे निवृत्तिवेतन अकरा महिने अडकून पडले होते, कारण जुन्या नोंदवहीत तिचे नाव चुकीचे होते. त्या अकरा महिन्यांची कहाणी सांगत बसत नाही. एवढेच सांगतो, की प्रत्येकाने मला अत्यंत सभ्यपणे पुढच्या टेबलाकडे पाठवले आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते : ‘चूक झालेली दिसते.’ आपल्या भाषेने ही मोठीच सोय करून ठेवली आहे. काम राहून जाते, कागद गहाळ होतो, नोंद चुकते. करणारा मात्र वाक्यात कुठेच सापडत नाही. एका साहेबांनी तर ‘तुम्हीच आधी लक्ष द्यायला हवे होते’ असेही सुनावले, जणू ती नोंदवही आमच्या घरी होती.

ही माणसे दुष्ट होती असे मी म्हणणार नाही. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला त्या दिवसांत वारंवार आठवे. शेजारच्या खोलीतील माणसाला अपस्माराचा झटका आल्याचे ऐकून, आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक त्याचा झटका ओसरण्यापूर्वीच मदतीला उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी मात्र केवळ ३१ टक्के. कोणीतरी बघेल, ही समजूत किती सुखाची असते! आमच्या कागदाला तर चौघांहून अधिक टेबले लाभली होती.

आपण ती नोंदवही उघडली, चुकलेल्या नावाखालून सावकाश बोट फिरवले, क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ‘अक्षर माझे आहे. ही चूक मी केली.’ शेजारी आपले वरिष्ठ उभे होते. त्या पानावर लिहिणाऱ्याची सही नव्हती आणि इतक्या वर्षांनी ते अक्षर कोणाचे, हे आपल्यावाचून कोणालाही ओळखता आले नसते. गप्प राहूनही आपण नाव दुरुस्त करू शकला असता आणि तरीही मी आपले आभारच मानले असते. पुढचे सारे काम आठवडाभरात झाले, पण माझ्या मनात घर करून आहे ते त्या पानावरून फिरलेले बोट. आईला हे सांगितले तेव्हा ती पैशांविषयी काहीच बोलली नाही. ‘असे म्हणाली ती?’ एवढेच तिने दोनदा विचारले.

गेल्या महिन्यात माझ्याच कामात एक आकडा चुकला. खुलाशात मी सवयीने ‘नजरचुकीने राहून गेले’ असे लिहिले, मग ते खोडून ‘मी तपासले नाही’ असे लिहिले. शब्द तीनच, पण ते लिहिताना हात जड झाला होता, आणि आपण ते सर्वांसमक्ष, मोठ्याने बोलला होता.

त्या कबुलीपायी आपल्याला पुढे काही ऐकून घ्यावे लागले का, हे विचारायचे मात्र राहून गेले. राहून गेले नव्हे. मी विचारले नाही. त्याबद्दल क्षमा मागतो, आणि ते विचारायला लवकरच येतो.

आपला कृतज्ञ,
त्या माउलीचा मुलगा