पार्सलवर नुसते ‘गिफ्ट’ लिहून भागत नाही

महोदय,

बहिणीने परदेशातून पाठवलेले पार्सल गेल्या आठवड्यात हाती आले, तेच एका कडेने फोडून पुन्हा चिकटवलेले. वरची टेप वेगळी, आतला स्वेटर उलगडून कसाबसा कोंबलेला. आधी रागच आला. मग बाहेरचा फॉर्म वाचला. वस्तूच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘गिफ्ट’.

भेट हे पाठवण्याचे कारण झाले, वस्तूचे नाव नव्हे. कस्टम्सवाले प्रत्येक खोके उघडत नाहीत, ते शक्यही नाही. कुणी, कुणाला, काय आणि किती किमतीचे पाठवले, ही माहिती पार्सल पोहोचण्याआधीच संगणकावरून येते. टपालाने जाणाऱ्या मालासाठी जागतिक टपाल संघाने ती २०२१ पासून बंधनकारक केली आहे. तिच्यावरून शंकास्पद पार्सले बाजूला निघतात. काही एक्स-रे यंत्रातून जातात, काही कुत्र्यांकडून हुंगवली जातात. कागदावरचे वर्णन आणि पडद्यावरची आकृती जुळली नाही, की ब्लेड चालते. ‘गिफ्ट’शी कोणती आकृती जुळणार?

म्हणून टपाल खिडकीवरच्या कर्मचाऱ्यांना कळकळीची विनंती : परदेशी पार्सलवर लावायचा कस्टम्सचा फॉर्म (सीएन २२ किंवा सीएन २३) घेताना ‘लोकरी स्वेटर, १ नग’, वजन आणि खरी किंमत असे स्पष्ट लिहून घ्या. दोन मिनिटे जास्त लागतील, लागू द्यात.

आणि कस्टम्सनेही उघडलेल्या प्रत्येक पार्सलमध्ये कधी व का उघडले, याची चिठ्ठी ठेवावी. आमच्या खोक्यात ती नव्हती.

– एक वाचक