गोलघुमटातली कुजबुज

महोदय,

वीस वर्षांपूर्वी विजापूरच्या गोलघुमटात सज्जाच्या भिंतीला कान लावताच पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या वडिलांची कुजबुज स्पष्ट ऐकू आली होती. परवा पाच वर्षांच्या मुलीला घेऊन मनोऱ्यातील तोच अरुंद जिना चढलो. मधे एकही खांब नसलेल्या, सुमारे ४४ मीटर व्यासाच्या त्या घुमटाखाली ती भिंतीला गाल चिकटवून बराच वेळ उभी राहिली; परंतु पर्यटकांच्या आरोळ्या आणि शिट्ट्या यांखेरीज (तिथे एकच आरोळी अनेकदा घुमते!) तिला काहीच ऐकू आले नाही. ‘बाबा, भिंत रागावली आहे का?’ असे तिने विचारले. दर तासाला निदान पाच मिनिटे तरी सज्जात शांतता पाळली जावी, अशी संबंधितांना विनंती.