खटला जिंकला, वर्ष गेलं : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

अंध आणि अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे परीक्षा विभागाची खिडकी माझ्या परिचयाची आहे. तिथे दिव्यांग विद्यार्थ्याला तोंडावर ‘नाही’ सहसा कुणी म्हणत नाही. अर्जावर आवक क्रमांक पडतो, ‘वरून आदेश आले की कळवू’ असं सांगितलं जातं आणि पेपरच्या आदल्या दिवशी केंद्रप्रमुख म्हणतात, आमच्याकडे लेखी काही आलेलं नाही. मग वकील गाठावा, तर तो विचारतो, नकाराचं पत्र कुठाय? ते कुणी दिलेलंच नसतं.

कायदा कमी पडतो अशी माझी तक्रार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा त्यात आहेत आणि गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं म्हणजे भेदभाव, हेही त्यात आहे. लेखनिकाची सोय फक्त ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर अडवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगितलं. तरी खिडकीवर आजही पहिला प्रश्न येतो, ‘चाळीस टक्के आहे का?’

२०२१ च्याच नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यात अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका तीन तास होताच काढून घेतली गेली. तिला तासामागे वीस मिनिटं, म्हणजे एक तास जादा मिळायला हवा होता. २३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचं मान्य केलं, भरपाई कशी करणार ते आठवड्यात ठरवा असं परीक्षा संस्थेला बजावलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. हक्क सिद्ध झाला, पण तो एक तास कुठलंच न्यायालय परत देऊ शकत नव्हतं.

वैद्यकीय शिक्षण आपल्या खात्यात येत नाही हे ठाऊक आहे, तरी २०२४ मधला लातूरच्या विद्यार्थ्याचा खटला आपण मागवून वाचावा. वाणी व भाषेचं अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर राखीव जागा नाही आणि ४० किंवा जास्त असेल तर एमबीबीएसला अपात्र, असा नियम होता. म्हणजे राखीव जागा कागदावर होती, पण तिच्यावर बसू शकेल असा माणूसच त्या नियमात मावत नव्हता! सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर प्रवेश मिळाला. नुसती टक्केवारी पाहू नका, विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा, असं न्यायालयाने सांगितलं. दिल्लीपर्यंत जाणं किती घरांना परवडतं?

खटल्याला लांबण लागली तर विद्यापीठाचं काही बिघडत नाही. वकिलाची फी विद्यापीठाच्या निधीतून जाते, कुलसचिव बदलले तरी तारखा चालू राहतात. विद्यार्थ्याचं सत्र मात्र संपतं. नोकरीतल्या भेदभावाची तक्रार सरकारी आस्थापनेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत तपासावी, असं दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम २३ सांगतं. विद्यार्थ्यासाठी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२३ च्या विनियमांतली तक्रार निवारण समिती आहे. तिला अहवालासाठी पंधरा कामकाजाचे दिवस, म्हणजे तीन आठवडे. तोवर पेपर होऊन गेलेले असतात. दिव्यांग आयुक्तांकडे जावं तर त्यांची शिफारस का मानली नाही हे कळवायलाच तीन महिने मिळतात.

विद्यापीठांची बाजूही मी ऐकलेली आहे. बनावट प्रमाणपत्रं असतात, सही करणारा अधिकारी चौकशीला घाबरतो. जरूर तपासा. पण तपासणी चालू असताना विद्यार्थ्याला सोयीसह पेपर लिहू द्या. निकाल राखून ठेवता येतो, पेपर नाही.

आपल्या अधिकारात आहे म्हणून मागतो. सोयीचा अर्ज परीक्षा अर्जासोबतच घ्यावा आणि सात दिवसांत कारणांसह लेखी उत्तर द्यावं. उत्तर आलं नाही तर सोय मंजूर समजावी. पेपरच्या वेळी केंद्रावर फोन उचलणारा, निर्णय घेऊ शकणारा एक माणूस असावा. विद्यार्थ्याच्या बाजूने आदेश झाला तर विभागाच्या परवानगीशिवाय विद्यापीठाने अपिलात जाऊ नये. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल, कारण ‘वरच्या कोर्टात बघू’ हे वाक्य मग फुकट राहणार नाही. शिवाय प्रत्येक विद्यापीठाने दिव्यांग विद्यार्थ्यांविरुद्ध किती प्रकरणं लढवली आणि त्यावर किती खर्च केला, ते दरवर्षी संकेतस्थळावर टाकावं.

पुढच्या सत्राचे परीक्षा अर्ज सुरू होण्याआधी या मागण्यांचं परिपत्रक निघावं, ही विनंती.

आपला,
एक लेखनिक समन्वयक